ब्रुनोचे वजन, काळीची वर्षे

ब्रुनो गेला त्याच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यातल्या काट्यावर त्याचे वजन ४३ किलो भरले होते. लॅब्राडोर नराचे वजन साधारण २९ ते ३६ किलोंच्या दरम्यान असावे, हे डॉक्टरांनी मला त्याच्या कितीतरी आधी सांगितले होते आणि मी ते ऐकलेही होते. पण पोळ्या लाटताना ओट्याशी येऊन बसणाऱ्या आणि मान तिरकी करून पाहत राहणाऱ्या त्या जिवाला पहिली पोळी न देणे मला कधी जमले नाही. शिवाय कोल्हापूर हे तालमींचे गाव आहे. इथे अंगाने भरलेले असणे कौतुकाचेच मानले जाते, त्यामुळे घरी येणारा प्रत्येक जण "काय तब्येत केलीय ओ कुत्र्याची!" असे म्हणायचा आणि मला ती माझ्या सांभाळण्याला मिळालेली पावती वाटायची. शेवटच्या वर्षात त्याचे मागचे पाय जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबू लागले, मग पहिल्या पायरीवर, आणि मग त्याने जिन्याकडे पाहणेच सोडले. तो नऊ वर्षे आणि दोन महिने जगला.

तो गेल्यावर काही महिन्यांनी एका अमेरिकी अभ्यासाची माहिती माझ्या वाचनात आली आणि त्यातील आकडे आजही माझ्या मनातून जात नाहीत. १९८७ साली सुरू झालेल्या त्या अभ्यासात लॅब्राडोरच्या ४८ पिल्लांच्या जोड्या लावण्यात आल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न देण्यात आले. अन्न तेच, फक्त माप कमी. आणि हे त्यांच्या मरणापर्यंत चालू ठेवण्यात आले. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा भरपूर खाणाऱ्या गटाचे मध्यम आयुष्य, म्हणजे गटातली निम्मी कुत्री गेलेली असतात ते वय, ११.२ वर्षे आणि मोजके खाणाऱ्या गटाचे १३ वर्षे निघाले. सांधे झिजण्याचा त्रासही मोजके खाणाऱ्यांना बराच उशिरा सुरू झाला. जोडीतली एकाच आईची, एकाच ठिकाणी वाढलेली कुत्री, आणि आयुष्यात पावणेदोन वर्षांहून अधिक अंतर, तेही केवळ थाळीतल्या मापामुळे. पुढे २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी असेही दाखवले, की लॅब्राडोरमधील जवळजवळ चारपैकी एकात भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव त्या कुत्र्याला नीट होत नाही. ब्रुनो त्यांतला होता की नाही हे आता कळण्याचा मार्ग नाही, परंतु आम्ही त्याला हावरट म्हणायचो, त्या शब्दाचे मला आज वाईट वाटते.

हे सगळे आता लिहिण्याचे कारण आमच्या शेजारी घडले. शेजारची सातवीतली मुलगी गेल्या दिवाळीपासून कुत्रा हवा म्हणून घरात मागे लागली आहे आणि तिला सायबेरियन हस्की हवा आहे. निळे डोळे, लांडग्यासारखा चेहरा, अंगावर दाट केस. तिने मोबाइलवर पाहिलेली चित्रे तिच्या मनात घर करून बसली आहेत. तिचे वडील मला विचारायला आले, "तुमच्याकडं तीन कुत्री झालीत, तुम्ही सांगा, कुठलं घ्यावं?" मी त्यांना उत्तर देण्याऐवजी उलट विचारले, की पुढची बारा-तेरा वर्षे सकाळी साडेपाचला कोण उठणार आहे? मुलगी आज बारा वर्षांची आहे. हस्की साधारण १२ ते १४ वर्षे जगतो. म्हणजे ती शिकायला पुण्याला जाईल, नोकरीला लागेल, कदाचित तिचे लग्न होईल, आणि कुत्रा तेव्हाही या घराच्या दारात बसलेला असेल. जात निवडणे म्हणजे किती वर्षांचा आणि कोणत्या प्रकारचा संसार मांडायचा हे ठरवणे आहे, आणि ते चेहरा पाहून ठरवू नये असे मला मनापासून वाटते.

कुत्र्यांच्या बाबतीत एक गोष्ट उलटी आहे. हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो, घोडा सशापेक्षा जास्त जगतो, म्हणजे प्राणी जितका मोठा तितके आयुष्य अधिक असा साधारण क्रम दिसतो. परंतु कुत्र्यांच्या जातींमध्ये मात्र अंग जितके मोठे तितके आयुष्य थोडे. ग्रेट डेनसारखा घोड्याएवढा वाटणारा कुत्रा ७ ते १० वर्षांत संपतो, सेंट बर्नार्डचेही जवळपास तसेच, रॉटवायलर नऊ-दहा वर्षे, जर्मन शेफर्ड ९ ते १३, लॅब्राडोर ११ ते १३, बीगल बारा-पंधरा वर्षांपर्यंत, आणि पगसारखी किंवा डाक्सहुंडसारखी छोटी जात बारा ते पंधरा वर्षे सहज काढते. मोठ्या जातीचे पिल्लू पहिल्या वर्षातच प्रचंड वेगाने वाढते आणि त्याची म्हातारपणाची वाटचालही लवकर सुरू होते, असे संशोधक सांगतात. हे आकडे अर्थातच सरासरीचे आहेत, एखाद्या विशिष्ट कुत्र्याचे भविष्य त्यांत लिहिलेले नसते.

जातीबरोबर आयुष्य येते तसे दुखणेही येते आणि पिल्लू विकणारा ते बहुधा सांगत नाही. जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडोर यांच्या खुब्याचा सांधा सैल राहण्याची शक्यता असते, म्हणून पिल्लाच्या आईवडिलांचे खुबे तपासले आहेत का हे विचारावे. डॉबरमनला हृदयाचे स्नायू ताणून दुबळे होण्याचा आजार होतो. डाक्सहुंडची लांब पाठ मणक्यातल्या चकतीला जड जाते, त्यामुळे त्याला पलंगावरून उड्या मारू देऊ नयेत. कॉकर स्पॅनियलचे लोंबते कान आतून ओले राहतात. पगच्या चपट्या नाकामुळे त्याला श्वास घेणेच कष्टाचे होते आणि तो घोरतो तेव्हा आपण कौतुकाने हसतो, पण ती त्याच्या घशातली अडचण असते. हस्की हा सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेला कुत्रा. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि रोज मैलोन्‌मैल पळण्याची त्याच्या शरीराला सवय असते. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा ३८ अंशांच्या आसपास जातो तेव्हा तो दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत काय करील, हा प्रश्न मी त्या मुलीच्या वडिलांपुढे ठेवला. पंखा, कूलर, वातानुकूलन हे सगळे करणारी माणसे आहेत. पण ज्याला पळायचे आहे त्याला गार खोलीत बंद ठेवणे मला पटत नाही.

माझ्या माहेरचा मोती पांढराशुभ्र होता आणि सारी पेठ त्याला पॉमेरियन म्हणायची. तो पॉमेरेनियन नव्हता. खरा पॉमेरेनियन दीड ते तीन किलोंचा, मुठीत मावेल असा जीव असतो. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकांत घरोघरी दिसायचा तो इंडियन स्पिट्झ, जो इंग्रजांच्या काळात युरोपातल्या स्पिट्झ कुत्र्यांपासून इथल्या हवेला टिकेल असा तयार झाला. परदेशी कुत्री आणणे अवघड होते त्या काळात मध्यमवर्गीय घराला परवडणारा, थोडे खाणारा, दारावरची चाहूल लगेच सांगणारा हा कुत्रा होता. मोती साडेचौदा वर्षे जगला. आज ही जात विकणाऱ्यांच्या यादीत मागे पडली आहे, याची मला खंत वाटते, कारण लहान घरासाठी तिच्यासारखी सोपी जात मी पाहिलेली नाही.

आणि आपल्या भागाविषयी बोलताना कारवानी कुत्र्याला वगळून कसे चालेल? गडहिंग्लज तालुक्यात माझ्या मामांच्या शेतावर कारवानीची जोडी होती. पोट आत ओढलेले, छाती खोल, कंबर इतकी बारीक की पाहुण्यांना वाटायचे मामा त्यांना उपाशी ठेवतात. पण ऊस तुटल्यावर मोकळ्या झालेल्या रानात ससा उठला की ती दोघे ज्या तऱ्हेने धाव घ्यायची, ते पाहिलेला माणूस त्यांना पुन्हा हडकुळी म्हणणार नाही. हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर शिकार करतो. शेजारच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ हे घोरपडे घराण्याचे संस्थान. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कुत्र्यांची निवडून पैदास केली आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला त्यांची जोडी भेट दिली, म्हणून तिकडे त्याला मुधोळ हाउंड म्हणतात. आपल्याकडे गुळगुळीत अंगाचा तो कारवानी आणि कानांवर, शेपटीवर रेशमी केस असलेला तो पश्मी. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड आणि राजपालयम यांच्याबरोबर मुधोळ हाउंडही होता. पुढे भारतीय लष्करानेही मेरठच्या केंद्रात या जातीला प्रशिक्षण दिले. चांगल्या सांभाळात हा कुत्रा बारा-तेरा वर्षे सहज जगतो, त्याला जातीबरोबर येणारे फारसे दुखणे नसते, केसांची निगा तर जवळपास नाहीच. मात्र त्याला रोज मोकळ्या रानात सुटायला हवे, अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, आणि अंगावर चरबी नसल्याने थंडीत त्याला पोत्याचे अंथरूण लागते. शेत असलेल्या माणसाने परदेशी जात आणण्याआधी हा कुत्रा एकदा पाहावा, असे मी आग्रहाने सांगते. रंकाळ्याकाठच्या सदनिकेत राहणाऱ्याला मात्र मी तो घे म्हणणार नाही.

आमची आताची कुत्री, काळी, आम्ही निवडून आणलेली नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले आणि दुधाळीकडच्या बाजूने लोक आपापली सामानाची गाठोडी घेऊन वर येत होते, त्या दिवसांत आमच्या जिन्याखाली दोन-अडीच महिन्यांचे एक काळे पिल्लू येऊन बसले. ब्रुनोनंतर पुन्हा कुत्रा नको असे मी ठरवले होते. सासूबाई तेव्हा होत्या, वर्षानुवर्षे पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाणारी, दत्ताच्या पायाशी बसलेल्या चार कुत्र्यांना मनोभावे हात जोडणारी ती बाई एवढेच म्हणाली, "दारात आलंय ते. ठेवून घे." गावठी कुत्र्याला लोक जात नसलेला समजतात, वास्तविक हजारो वर्षे या मातीत, या हवेत टिकून राहिलेला तो फार जुना आणि कमी खोडींचा कुत्रा आहे. घरात सांभाळला तर तेरा-चौदा वर्षे जगतो. रस्त्यावर मात्र त्याची वर्षे कुठे जातात, हे पश्चिम बंगालमध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून कळते: मोकाट कुत्र्यांच्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवले असता त्यांतली अवघी १९ टक्के पिल्ले सात महिन्यांची होईपर्यंत जगली, आणि मरणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मरणामागे या ना त्या प्रकारे माणूस होता. काळीच्या बरोबरची भावंडे कुठे गेली असतील, हा विचार मी जास्त वेळ करत नाही.

काळी आता सहा वर्षांची आहे. कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे हा हिशोब आपण सगळेच सांगतो, पण तो फार ढोबळ आहे. २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी १०४ लॅब्राडोरच्या डीएनएवर वयाप्रमाणे उमटणाऱ्या रासायनिक खुणा तपासल्या, तेव्हा दिसले की कुत्रा पहिल्या वर्षातच माणसाच्या तिशीपर्यंत पोचतो, चौथ्या वर्षी पन्नाशीच्या आसपास असतो आणि त्यानंतर त्याचे वय सावकाश वाढते. हे माप लॅब्राडोरचे आहे, सगळ्या जातींना जसेच्या तसे लागू होणार नाही. तरीही त्यातून मला एक गोष्ट उमगली: आपण ज्याला "अजून पिल्लूच आहे" म्हणत लाडाने भरवत राहतो, तो आतून प्रौढ झालेला असतो. ब्रुनोचे वजन वाढले ते दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षात.

म्हणून काळीचे खाणे मी मोजून देते. सकाळी फिरून आल्यावर तासाभराने एकदा आणि संध्याकाळी सातला एकदा. उकडलेली कोंबडी किंवा दोन अंडी, थोडा भात किंवा नाचणीची भाकरी, लाल भोपळा नाहीतर गाजर, वरून चमचाभर दही. मीठ नाही, मसाला नाही. काही दिवस बाजारातले कोरडे खाद्य देते आणि पाकिटावर लिहिलेले माप वाटीने मोजते. दूध-भाकरी हे आपल्याकडच्या कुत्र्याचे परंपरेचे जेवण, पण मोठ्या कुत्र्याला दुधातली साखर पचतेच असे नाही, आणि फक्त भाकरीवर त्याच्या स्नायूंना लागणारी प्रथिने मिळत नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिला उचलून घरच्या काट्यावर उभी राहते, मग एकटी उभी राहते आणि वजाबाकी वहीत लिहिते. गेली तीन वर्षे तिचे वजन १७ किलोंच्या आसपास आहे. काटा नसेल तर बरगड्यांवरून हात फिरवावा. जरासा दाब देता त्या बोटांना लागल्या पाहिजेत आणि वरून पाहिले असता कंबरेचा खळगा दिसला पाहिजे. तिची नसबंदी झालेली आहे, आणि त्यानंतर भूक वाढून शरीराची गरज मात्र कमी होते, हेही मापात धरावे लागते. ही शस्त्रक्रिया मी मुद्दाम करून घेतली, कारण ती न झालेल्या वयस्क मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

रविवारच्या मटणाविषयी मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आमच्याकडे ज्या घरात तांबडा-पांढरा रस्सा शिजतो त्या घरात कुत्र्याच्या वाट्यालाही रस्सा-भाकरी आणि नळ्या येतात, आणि ते देणाऱ्याच्या मनात माया असते. परंतु कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजवलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. एका वेळी थोडे खाल्ल्याने काही दिसत नाही, पण दर आठवड्याला देत राहिल्यास पंडुरोग होऊ शकतो. शिजलेल्या हाडाच्या धारदार चिरफळ्या होतात आणि त्या आतड्याला भोक पाडू शकतात. माझ्या जावेच्या माहेरून, तासगावहून, दरवर्षी बेदाण्यांची पेटी येते. ती आता मी सर्वांत वरच्या फडताळात ठेवते, कारण द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते आणि किती खाल्ल्यावर होईल हे आधी सांगता येत नाही. चॉकलेटमधले थिओब्रोमीन हे द्रव्य कुत्र्याच्या शरीराबाहेर फार सावकाश पडते आणि कडू चॉकलेटमध्ये ते अधिक असते, म्हणून चॉकलेट जितके कडू तितके घातक. साखरमुक्त म्हणून मिळणाऱ्या च्युइंगगममध्ये आणि गोळ्यांत झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असेल तर ते अगदी थोडेसेही रक्तातली साखर एकदम खाली आणते. आणि कुत्रा तापलेला वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देणे हे तर कदापि करू नये. माणसाच्या या गोळ्यांनी कुत्र्याचे यकृत, जठर आणि मूत्रपिंड यांना इजा होते. कुत्र्याच्या शरीराचे तापमान मुळातच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणून तो आपल्या हाताला नेहमीच गरम लागतो.

कोल्हापूरचा पावसाळा हा कुत्र्याच्या सांभाळातला सर्वांत कसोटीचा काळ आहे. जून ते सप्टेंबर अंगण कोरडे होत नाही, कुत्र्याला दिवसातून दोनदा बाहेर नेणे तर टळत नाही, आणि पंजे ओलेच राहतात. आमच्या दाराशी जुन्या सुती साडीचे तुकडे टांगलेले असतात; काळी आत आली की चारही पंजे बोटांच्या बेचक्यांसकट पुसायचे, मग पोट, मग कानांच्या आतली बाजू. एवढे केले नाही तर बेचक्यांत बुरशी धरते आणि कुत्रा रात्रभर पाय चाटत राहतो. याहून गंभीर गोष्ट लेप्टोस्पायरोसिसची. उंदरांच्या लघवीतून येणारे हे जंतू साचलेल्या आणि पुराच्या पाण्यात तग धरतात, पायाच्या जखमेतून किंवा डोळे-नाक-तोंडाच्या ओल्या त्वचेतून शरीरात शिरतात आणि यकृत व मूत्रपिंड यांवर घाला घालतात. कुत्र्यापासून हा आजार माणसालाही होऊ शकतो. २०१९ नंतर २०२१ च्या जुलैतही पूर आला, त्यामुळे या शहरात तरी या आजारावरची लस ऐच्छिक समजू नये असे माझे मत आहे. तिचा परिणाम वर्षभरच राहतो. मी ती दरवर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी देऊन घेते. डबक्यातले पाणी तिला पिऊ देत नाही, आणि पूर ओसरल्यावर गाळ असलेल्या गल्ल्यांतून पंधरा दिवस तरी नेत नाही.

पाऊस उघडला की गोचीड. गणपती ते दिवाळी या काळात रोज संध्याकाळी ओट्यावर दिव्याखाली बसून मी काळीच्या कानांच्या मागे, मानेच्या घडीत, बगलेत आणि बोटांमध्ये बोटे फिरवते. गोचीड हाताने चिरडू नये, तिच्यावर रॉकेल किंवा तेल ओतू नये. चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढून काढावी आणि साबणाच्या पाण्यात टाकावी. गोचीड किती रक्त पिते हा प्रश्न दुय्यम आहे, ती रक्तात काय सोडते हे महत्त्वाचे. एर्लिकिया आणि बॅबेसिया हे तिच्यावाटे येणारे सूक्ष्मजीव ताप आणतात. एर्लिकिया रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी करतो आणि बॅबेसिया तांबड्या पेशी फोडतो. कुत्रा खायचा थांबतो, सुस्त पडून राहतो, हिरड्या पांढुरक्या होतात आणि कधी नाकातून रक्त येते. मोतीला बाराव्या वर्षी हा ताप आला होता. तीन दिवस त्याने भाकरीला तोंड लावले नाही आणि घरातल्या सगळ्यांनी ते वयावर घातले. चौथ्या दिवशी वडिलांनी त्याचा ओठ वर करून पाहिला तेव्हा हिरड्या कागदासारख्या दिसत होत्या. रक्त तपासले, औषध सुरू झाले आणि तो वाचला, पण आणखी दोन दिवस थांबलो असतो तर त्याची पुढची अडीच वर्षे आम्हाला मिळाली नसती. तेव्हापासून कुत्रा एक दिवस जेवला नाही तर मी आधी त्याच्या हिरड्या पाहते.

लसींचे वेळापत्रक दवाखान्यातल्या पुस्तिकेत लिहिलेले असते, म्हणून इथे थोडक्यात सांगते. सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ यांची एकत्रित लस सुरू होते आणि पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने तिचे डोस देतात. रेबीजची पहिली लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे आणि मग दरवर्षी. जंताचे औषध पिल्लाला सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि नंतर दर तीन महिन्यांनी. लसींचे सर्व डोस पुरे होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडू नये, कारण पार्व्होचे विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतात आणि लस न झालेले पिल्लू दोन-तीन दिवसांतही दगावते. रेबीजविषयी इतकेच, की लक्षणे दिसू लागल्यावर त्याला उपाय नाही, म्हणून कोणताही कुत्रा चावला किंवा त्याने जखम चाटली, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना किंवा मिरची लावत बसू नये.

फिरायला आम्ही पहाटे रंकाळ्यावर जातो. काळीला पाऊण तास सकाळी आणि अर्धा तास संध्याकाळी पुरतो. लॅब्राडोरला याच्या दुप्पट लागला असता आणि ब्रुनोला मी तो दिला नाही. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर तिला बाहेर नेत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा गार होण्याचा मुख्य मार्ग, म्हणून हाताचा पालथा पंजा रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्या डांबरावर कुत्र्यानेही चालू नये. उष्माघात झालाच तर साध्या पाण्याने अंग भिजवून वारा घालत दवाखान्यात न्यावे. दाट केसांच्या कुत्र्याचे केस उन्हाळ्यात वस्तऱ्याने काढून टाकण्याची पद्धत मात्र चुकीची आहे, कारण दोन थरांचे केस उन्हापासूनही त्याला वाचवतात. त्यांना रोज खरारा करून गळालेले केस काढणे पुरेसे आहे.

अंघोळ महिन्यातून एकदा, कुत्र्याच्याच शाम्पूने. नखे जमिनीवर टकटक वाजू लागली की कापायची. दात आठवड्यातून तीनदा तरी घासावेत, पण आपली टूथपेस्ट वापरू नये. कुत्र्याला ४२ दात असतात आणि वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक कुत्र्यांच्या हिरड्यांना काही ना काही त्रास सुरू झालेला असतो. तोंडाचा वास हा कुत्र्याचा स्वभावधर्म नसून ते बहुधा दात-हिरड्यांच्या दुखण्याचे लक्षण असते, हे मला काळीमुळे शिकायला मिळाले.

म्हातारपण मी मोतीचे पाहिले. तेराव्या वर्षानंतर त्याच्या डोळ्यांवर निळसर सायीसारखा पडदा आला आणि कानाला कमी ऐकू येऊ लागले. रात्री तो खोलीच्या कोपऱ्याकडे तोंड करून उभा राहायचा, आपण कुठे आहोत हे जणू त्याला आठवत नसे. तेव्हा वडिलांनी घरातले एकही सामान हलवू दिले नाही, पाण्याचे भांडे त्याच जागी राहिले, आणि फरशीवर त्याचे पाय घसरू नयेत म्हणून दारापासून त्याच्या जागेपर्यंत गोणपाट अंथरले. वर्षातून दोनदा रक्ताची तपासणी, थोडे मऊ जेवण आणि दिवसातून चार-पाच वेळा छोटीशी चक्कर, एवढ्यावर त्याची शेवटची दीड वर्षे सुखात गेली. वयस्क कुत्रा पाणी एकाएकी जास्त पिऊ लागला, त्याचे वजन उतरू लागले किंवा अंगावर गाठ हाताला लागली, तर ते वयाचे म्हणून सोडून देऊ नये. आणि दुखणे असह्य झाले तर त्याला शांतपणे निरोप देण्याविषयी डॉक्टरांशी वेळेवर बोलावे. ब्रुनोच्या बाबतीत मी ते बोलणे चार दिवस पुढे ढकलले. ते चार दिवस त्याने काढले, मी नव्हे.

शेजारच्या मुलीला मी हस्की घेऊ नकोस असे सांगितले नाही. तिच्या वडिलांना मी एवढेच सुचवले, की पिल्लू आणण्याआधी तिने सहा महिने काळीला फिरवावे, तिच्या गोचिड्या काढाव्यात, पावसात तिचे पंजे पुसावेत, आणि मग ज्या कुत्र्याचा सांभाळ तिला जमेल असे वाटेल तो तिने स्वतः निवडावा. पहिल्या आठवड्यात ती दोनदा झोपून राहिली. नंतर मात्र नियमाने येऊ लागली. कालच तिने काळीच्या डाव्या कानामागची गोचीड चिमट्याने न तोडता काढली आणि साबणाच्या पाण्यात टाकली. जाताना पट्टा खुंटीला अडकवत ती म्हणाली, "काकू, उद्या रविवार हाय, वजन करायचंय न्हवं? मी साडेपाचलाच येतो."